बंगल्याभोवती लॉन किती, झाडं किती?

वास्तुशांतीच्या आधी घाईघाईने उरकायच्या कामांत हल्ली एक काम हमखास असतं. कंपाउंडच्या आतली मोकळी जागा 'हिरवी करून घ्यायची' असते. नर्सरीवाला टेप घेऊन येतो, चौरस फुटावर भाव सांगतो. दोन दिवसांत टेम्पोतून तांबडी माती आणि गवताचे तुकडे येतात आणि पूजेच्या फोटोत पाहुण्यांच्या मागे सगळं हिरवंगार दिसतं. झाडाचं तसं नाही. झाड लावलं तर त्याच फोटोत काठीला बांधलेलं दीड हात उंचीचं रोपटं दिसतं, तेही कुणी दाखवलं तर. लॉन बाजी मारतं ते इथे, पहिल्याच दिवशी. त्याचा खरा हिशेब कळायला एप्रिल उजाडावा लागतो.

पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा ठिकाणी प्लॉटवर घर बांधलेल्यांसाठी, मुळशी-कर्जतकडे फार्महाउस घेतलेल्यांसाठी आणि सोसायटीच्या कमिटीत बागेचं खातं गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. लॉनशी माझं वैर नाही. जितक्या जागेत तुम्ही खरोखर बसता-खेळता तितकंच लॉन ठेवा आणि उरलेली जागा झाडाझुडपांना द्या, एवढंच म्हणणं आहे.

आधी पाण्याचा हिशेब करू. जमिनीवर एक मिलिमीटर पाणी देणं म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गवत हिरवं राखायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी हवंच. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचे सुमारे ४६५ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याच्या नियोजनाचं सरकारी माप आहे. म्हणजे हजार फुटांचं लॉन घरातल्या जवळजवळ साडेतीन माणसांचं पाणी पितं आणि दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवड्यांत संपवतं. पाइप धरून पाणी मारलं तर याहून जास्तच लागतं, कारण निम्मं रस्त्यावर वाहतं.

मुळात हे गवत अशा हवामानासाठी वाढलेलं नाही, असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. गवत इथलंच आहे. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळतं ते आपल्या हरळीचंच निवडक, बारीक पानांचं रूप. शेतकरी जी हरळी खणून, तिच्या काशा वेचून बांधावर टाकतो, तिलाच आपण पैसे मोजून अंगणात आणतो. परका आहे तो हट्ट, बाराही महिने एकसारखं हिरवं आणि एकसारखं कापलेलं दिसण्याचा. तो इंग्लंडमधून आला. लंडनला वर्षाकाठी पडणारा पाऊस पुण्यापेक्षा जास्त नाही, उलट थोडा कमीच आहे. पण तो वर्षभर झिमझिमत राहतो आणि ऊन सौम्य असतं, म्हणून तिथे गवत आपोआप हिरवं राहतं. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायचं यंत्र काढलं आणि जमीनदारांची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत संपतो. उरलेले आठ महिने आपल्या अंगणातलं इंग्लंड टँकरवर चालतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आठवडाभर लक्ष ठेवायचं, की लॉनवर पाय कोण ठेवतं? मुलं खेळतात का? संध्याकाळी खुर्च्या टाकून कुणी बसतं का? बहुतेक बंगल्यांत माळ्याशिवाय त्यावर कुणी चालत नाही, असं दिसेल. जिथे वापर आहे तो तुकडा, समजा दोन-अडीचशे फुटांचा, ठेवा आणि नीट सांभाळा. बाजूच्या अरुंद पट्ट्या, कंपाउंडच्या कडा, पार्किंगलगतचा तुकडा, मागची अंधारी जागा इथलं गवत निव्वळ खर्च आहे. सावलीत तर ते धड वाढतही नाही. मग माळी दरवर्षी तिथे नवे तुकडे बसवतो आणि दरवर्षी बिल देतो.

ठेवलेल्या तुकड्याबद्दलही एक सांगतो. हरळीच्या जातीचं गवत उन्हाळ्यात पाणी तोडलं तर तपकिरी होतं, मरत नाही. जमिनीखाली जीव धरून असतं आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा फुटतं. मेमध्ये अंगण तपकिरी दिसण्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. डोंगरही तेव्हा तपकिरीच असतो. आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ठिकठिकाणी गवत पिवळं पडायला लागलं तर लगेच खत किंवा पाणी ओतू नका. आधी ते चिमटीने ओढून बघा. मुळं नसल्यासारखं अलगद हातात आलं, तर खाली हुमणी आहे. बोटभर खणलं की पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या सापडतात. त्या वेचून काढणं हाच छोट्या अंगणातला सगळ्यात स्वस्त उपाय.

आता झाडं. कुठलं झाड लावू, असं सगळे विचारतात. त्याआधी कुठे लावू, हे विचारायला हवं. बागकामाच्या परदेशी पुस्तकांत घराच्या दक्षिणेला पानगळीचं झाड लावा, असा सल्ला असतो. तो त्यांच्या अक्षांशाला बरोबर आहे, आपल्याला तितकासा लागू नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. पुण्यात तर मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. घर तापतं ते छतामुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे. दुपारी दोननंतरचं तिरपं ऊन त्या भिंतीत मुरतं आणि रात्री अकरापर्यंत बेडरूममध्ये उतरत राहतं. शिवाय उन्हाळ्यात सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून तुमच्याकडे एकाच मोठ्या झाडापुरती जागा असेल, तर ती पश्चिमेला किंवा वायव्येला शोधा. दक्षिण मोकळी राहिली तरी चालेल. थंडीत तिथलं कोवळं ऊन हवंसंच वाटतं.

इथे आणखी एक मेख आहे. देशी झाड म्हटलं की सगळ्यांना आधी बहावा आठवतो. बहावा लावाच, पण पश्चिमेच्या सावलीसाठी त्याच्यावर विसंबू नका. ऐन एप्रिल-मेमध्ये तो पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो आणि अंगावर पान जवळजवळ नसतं. पळस, पांगारा यांचंही उन्हाळ्याच्या तोंडाशी तेच. सावली हवी तेव्हा सावली देणारी झाडं वेगळी. कडुनिंब आणि करंज फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतात आणि कडक ऊन सुरू होईपर्यंत नव्या पालवीने भरून येतात. बकुळ सदाहरित आणि दाट, फक्त वाढायला सावकाश. आंबा आणि जांभूळही बारमाही पानांचे, पण जांभळाखाली गाडी लावणार असाल तर जूनमध्ये गाडीचा रंग ओळखू येणार नाही. बहावा, तामण, आपटा, कांचन ही मंडळी फाटकाजवळ, पूर्वेला, जिथून तुम्ही त्यांना बघाल अशा जागी शोभतात. तामण हे तर महाराष्ट्राचं राज्यपुष्प, आणि मध्यम उंचीमुळे बंगल्याला सोसणारं.

भिंतीपासूनच्या अंतराबाबत भिडेला बळी पडू नका. पारिजातक, लिंबू, कढीपत्ता, कुंती अशी लहान झाडं सहा-आठ फुटांवर चालतात. बहावा, आपटा, बकुळ, सोनचाफा यांना बारा ते पंधरा फूट हवेत. आंबा, जांभूळ, कडुनिंबाला पंचवीस फूट तरी सोडा. एवढी जागा नसेल तर मोठं झाड लावूच नका. शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेल्या फांदीवरून पुढची वीस वर्षं भांडण्यापेक्षा पारिजातक बरा. वड, पिंपळ, उंबर ही पूजनीय झाडं गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर नकोत. त्यांची मुळं सेप्टिक टँक आणि ड्रेनेजची लाइन शोधत जातात. त्यांच्यासाठी गावठाण, मैदान, टेकडी आहे.

नर्सरीवाला जे आग्रहाने देईल त्यातलं काही नम्रपणे नाकारा. कोनोकार्पस तर नकोच. भराभर वाढतो म्हणून सोसायट्यांच्या कुंपणाला त्याच्या रांगाच्या रांगा लागल्या. आता त्याची मुळं आणि परागकण यांमुळे गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. गुलमोहर मादागास्करचा. दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. वळवाच्या पहिल्या वादळात आडवा होणाऱ्या झाडांत तो असतोच. लॉनऐवजी 'ग्राउंड कव्हर' म्हणून पिवळ्या फुलांचा वेडेलिया खपवतात, तोही घेऊ नका. तो तुमच्या अंगणात थांबत नाही. ओढ्याकाठी पोचला की बाकी काही उगवू देत नाही. ओलसर जागी त्याच्याऐवजी ब्राह्मी किंवा जलपिंपळी पसरू द्या. गच्चीचं पाणी जिथे पडतं तिथे वाळा लावा, माती धरून ठेवतो. कुंपणासाठी करवंद किंवा मेंदी, आतल्या बाजूला अडुळसा आणि निर्गुडी. या झुडपांना दुसऱ्या वर्षानंतर फारसं पाणी मागायची सवय नाही.

झाड कसं लावायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी निम्मी झाडं लावतानाच मारली जातात. पंधरा फुटी 'तयार' झाड घेऊ नका. पिशवीत वर्षानुवर्षं राहिल्याने त्याची मुळं गोल गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात. दोन-तीन फुटांचं रोप काही वर्षांत त्याला गाठतं. खड्डा एप्रिल-मेमध्येच खणून महिनाभर उन्हात तापू द्या. मुरमाड जमीन असेल तर खोलीइतकीच रुंदीही वाढवा. निघालेल्या मातीत शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. पिशवी फाडून काढा, हे वेगळं सांगायला नको होतं, पण वाळलेलं झाड उपटल्यावर मुळाशी अखंड काळी पिशवी अनेकदा निघते. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी पुरतं. आळं दरवर्षी थोडं बाहेर सरकवा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. फार्महाउसवर शनिवार-रविवारीच जाणार असाल, तर रोपाशेजारी मडकं पुरून ते भरून झाकून ठेवा. आठवडाभर झिरपत राहतं.

आणि गवत बुंध्याला भिडू देऊ नका. नायलॉनच्या दोरीचा ग्रास कटर फिरवताना कोवळ्या बुंध्याची साल खालच्या बाजूला रोज थोडी सोलली जाते. ती सोल गोलाकार पूर्ण झाली, की वरचं झाड वाळतं आणि सगळे वाळवीला दोष देतात. बुंध्याभोवती तीन फुटांचा गोल गवताविना ठेवा. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यालाही हेच बजावा. त्याला बुंध्यापर्यंत सिमेंट नेण्याची फार हौस असते.

त्या गोलात काय घालायचं? झाडाचीच गळलेली पानं. सोसायट्यांतलं सगळ्यात मोठं भांडण याच पानांवरून होतं. 'कचरा दिसतो' म्हणून सकाळी झाडून, ढीग करून पेटवतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, हे आधी सांगा. मग हे सांगा, की चार-सहा इंच पालापाचोळा अंथरलेली जमीन मेमध्येही हात घातला तर गार आणि ओलसर लागते. उघडी जमीन तडकलेली असते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आपल्या 'प्रयोग परिवारा'तून हेच आयुष्यभर सांगत होते, की घरच्या काडीकचऱ्यातून सुपीक माती तयार करता येते, त्यासाठी बाहेरून पोती आणावी लागत नाहीत. पुण्यात 'ब्राउन लीफ'सारख्या उपक्रमाने तर एकाकडे नको झालेली पोतंभर पानं ज्याला हवीत त्याच्याकडे पोचवायची व्यवस्था लावली. पानं बुंध्याला मात्र चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

आता भीतीचं. झाडंझुडपं वाढवली की साप येतील, असं आजीपासून सिक्युरिटीवाल्यापर्यंत सगळे सांगतात. साप येतो उंदरामागे आणि बेडकामागे. उंदीर येतो उघड्या कचऱ्यामागे, आणि त्याला लपायला विटांचा, फरशांच्या तुकड्यांचा, जुन्या लाकडांचा ढीग लागतो. तो ढीग आधी हलवा. घराच्या भिंतीलगत चार-पाच फुटांचा पट्टा मोकळा आणि स्वच्छ ठेवा, दाराजवळचा दिवा रात्री लावा आणि संध्याकाळनंतर चपला घालून फिरा. डेंग्यूचा डास पाचोळ्यात वाढत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली आणि लॉनच्या स्प्रिंकलरच्या व्हॉल्व्हची ती जमिनीतली पेटी उघडून बघा. फार्महाउसवाल्यांना खरी भीती वणव्याची असावी. फेब्रुवारीपासून आजूबाजूचं वाळलं गवत कधीही पेटतं. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की हद्दीच्या आतून दहा फुटांची पट्टी पूर्ण साफ करून जाळरेषा करून घ्या.

अळ्यांचंही लोकांना फार वावडं असतं. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याने शीट टाकल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं, तर फवारणीचा पंप काढण्याआधी नीट बघा. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की तीच हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. दोन-चार फांद्या खाल्ल्या तरी कढीपत्ता पुन्हा फुटतो. फोडणीला पुरून उरेल.

असलेलं लॉन काढायचं कसं? एकदम सगळं काढू नका, कडेपासून सुरुवात करा. वर पुठ्ठे आणि त्यावर पालापाचोळा अंथरला की गवत मरतं, असं व्हिडिओंत दाखवतात. हरळी त्याला दाद देत नाही, पुठ्ठ्याच्या फटीतून महिन्याभरात डोकं काढते. शेतकऱ्याची रीतच खरी: मेमध्ये फूटभर खणायचं, काशा वेचायच्या, ढेकळं उन्हात तापू द्यायची, मग लागवड. ठेवलेल्या लॉनच्या कडेला दगडाची किंवा विटेची उभी पट्टी जमिनीत पुरून घ्या, नाहीतर हरळी पुन्हा सरकत येईल. काही वर्षांनी झाडांची सावली पडू लागली की उरलेलं काम ती करते. हरळीला सावली सोसत नाही.

सोसायटीत गोष्ट थोडी वेगळी. पार्किंगच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती असते, तिथे मोठं झाड लावणं धोक्याचं. तिथे झुडपं, वेली, उंच कडांच्या वाफ्यांत कढीपत्ता-लिंबू. मोठी झाडं जिथे खाली खरी जमीन आहे तिथेच, आणि पाण्यासाठी एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी. सर्वसाधारण सभेत पर्यावरणावर भाषण करू नका, कुणी ऐकत नाही. गेल्या वर्षीचं टँकरचं बिल, माळ्याचं कंत्राट आणि लॉनच्या दुरुस्तीचा खर्च एका कागदावर मांडून फ्लॅटमागे भागून दाखवा. आणि उभं झाड तोडायचं किंवा मोठ्या फांद्या छाटायच्या असतील, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. जागा तुमच्या मालकीची असली तरीही.

हे वाचणारे काही जण अमेरिकेत असतील. लॉनचं मोठं प्रकरण तिकडेच आहे. २००५ च्या एका अभ्यासानुसार तिथे सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर जमीन लॉनखाली आहे, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून थोडी जास्तच. तिथे लॉन काढण्यात अडसर बऱ्याचदा घरमालकांच्या असोसिएशनच्या नियमांचा असतो, पण नियमही बदलताहेत. मेरीलँडने २०२१ मध्ये कायदा करून असोसिएशनला सरसकट लॉनची सक्ती करायला मनाई केली. त्याच वर्षी नेवाडाने कोलोरॅडो नदीचं पाणी निव्वळ शोभेच्या गवताला द्यायचं २०२६ अखेर बंद करण्याचा कायदा केला, त्यातून स्वतंत्र कौटुंबिक घरं वगळली आहेत. तिथे झाड निवडताना आपल्याकडचं आंबा-कडुनिंबाचं प्रेम बाजूला ठेवा. डग्लस टॅलमी या कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय, की तिथल्या ओकवर पाचशेहून अधिक जातींच्या अळ्या पोसल्या जातात. घराजवळ एक ओक लावा.

इथल्या वाचकांनी मे संपायच्या आत खड्डे खणून घ्यावेत. वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी रोपं स्वस्तात मिळतात, पण पाऊस सुरू झाला की चांगली रोपं लवकर संपतात. तेव्हा नोंदणी आत्ताच करून ठेवा.